पलीकडून तो काय म्हणाला

शिंप्याच्या दुकानात कापायचं एक लांबरुंद टेबल होतं. वर्षातून एकदा त्यावरचं सगळं कापड बाजूला सरायचं आणि तिथे नकाशा पसरला जायचा. नकाशा आणायचा पोस्टमन, त्यावर पेन्सिलीनं रेघा मारायचा उंट, आणि त्या रेघा बघून ‘हे आपल्याच्यानं व्हायचं नाही’ असं म्हणायचं काम शिंप्याचं. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. एवढं म्हणून झालं की शिंपीही मुकाट्यानं पिशवी भरायला लागायचा.

तिघं शाळेत एका बाकावर बसणारे. उंटाला उंट हे नाव सातवीत पडलं, कारण वर्गाचा फोटो काढला तेव्हा सगळे आले आणि याचं डोकं तेवढं चौकटीबाहेर राहिलं. पुढे तो लिफ्टचा मेकॅनिक झाला. दिवसभर इमारतींच्या पोटातल्या काळोख्या खोबणीत, वंगणानं हात माखून, एकट्यानं काम करायचं. म्हणूनच की काय, बाहेर उजेडात आला की त्याच्या तोंडाची टकळी थांबायची नाही. पोस्टमन म्हणायचा, याच्याबरोबर चालायचं तर रेडिओ न्यायला नको. फक्त याला बंद करायचं बटण कुठे आहे ते अजून सापडलेलं नाही.

एकाच गोष्टीबद्दल उंट बोलत नसे, ती म्हणजे त्याची मुलगी. तीन वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली. बापाला पसंत नसलेल्या माणसाबरोबर दुसऱ्या शहरात राहू लागली. त्यानंतर उंटानं तिचं नाव घेतलं नाही. शिंप्यानं एकदा विषय काढला होता, तेव्हा उंट उठून हात धुवायला गेला आणि परत आला तो लिफ्टच्या ब्रेकबद्दल बोलत आला.

त्या वर्षी उंटानं मारलेली रेघ सहा दिवसांची होती. पलीकडची डोंगररांग, मधलं दाट जंगल, एक नदी. वाटेत गाव नाही, फोनला सिग्नल नाही. तिघांनीही पन्नाशी ओलांडलेली, शिंप्याची पाठ मिशीनवर वाकून वाकून आखडलेली. “आत्ता नाही गेलो तर मग खुर्चीत बसून नकाशाच बघायचा,” असं उंट म्हणाला आणि बेत पक्का झाला.

पहिले दोन दिवस बरे गेले. वनखात्याच्या चौकीत वहीत नावं लिहून ते आत शिरले. झाडी इतकी दाट, की दुपारीही चष्मा पुसावासा वाटे. पोस्टमन मोजून पावलं टाकत पुढे, शिंपी मधे, आणि उंट कधी पुढे कधी मागे, बोलत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिंप्याच्या टाचेला मोठा फोड आला. उंटानं त्याचा बूट हातात घेऊन शिवण बघितली आणि म्हणाला, “दुसऱ्यांचे कपडे मापात शिवतोस आणि स्वतःला बूट घेताना डोळे मिटून घेतोस का रे?”

तिसऱ्या दिवशी दुपारी ते नदीशी आले. तीस पावलांचं पात्र, पाणी गुडघ्याएवढं, तळाचे गोटे दिसत होते. ढग होते, पण दूर वरच्या डोंगरावर. पोस्टमन म्हणाला, लगेच उतरून जाऊ. शिंपी म्हणाला, मला दहा मिनिटं द्या, फोडावर पट्टी बांधतो, ओल्या मोज्यानं साल निघेल. उंटाला दहा मिनिटं गप्प बसणं कुठलं जमायला! त्यानं पाठीवरची सॅक काढून शिंप्याशेजारी ठेवली. “मी तोवर उतार बघून येतो. आल्यावर सॅक नेईन,” म्हणाला आणि काठी टेकत पाण्यात शिरला. उंच माणूस, पाच मिनिटांत पलीकडे. तिकडे पोचून त्यानं दोन्ही हात वर केले.

मग तो काठावरच्या एका मोठ्या खडकावर चढू लागला; वरून पुढची वाट दिसते का ते बघायला असेल. खडकावर शेवाळ होतं. शिंप्यानं मान वर केली तेव्हा उंट दिसेना. पुन्हा दिसला तो खडकाच्या पायथ्याशी, आडवा. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला होता.

दोघं धावले. पोस्टमन पाण्यात शिरला आणि तिथेच थबकला. पाण्याचा रंग बदलला होता. वरच्या अंगानं एक आवाज येत होता, मालगाडी लांबून येते तसा. पोस्टमननं मागे उडी मारली आणि बघता बघता गढूळ लोंढा आला. फांद्या, मुळं, एक अख्खं झाड. गुडघ्याएवढं पाणी छातीच्या वर गेलं. वरच्या डोंगरावर पाऊस कोसळला होता आणि थोड्याच वेळात तो यांच्याही डोक्यावर आला.

उंटाची सॅक अलीकडे. तिच्यात त्याचं खाणं, झोपायची पिशवी, कोरडे कपडे, औषधं. पलीकडे उंट आणि त्याच्या अंगावरचं पातळ जाकीट.

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं करून पाहिलं. बिस्किटांचे पुडे फेकले, ते मधेच पडले. शिंप्यानं तंबूचं एक टोक कापून सुईदोऱ्यानं छोटी घट्ट पिशवी शिवली, तिच्यात एक गोटा, वेदनेच्या गोळ्या, चॉकलेट आणि घडी केलेली, ऊब धरून ठेवणारी चांदीसारखी चादर घातली. टाके सरळ पडले. पोस्टमननं दोरीच्या टोकाला ती बांधून गोफणीसारखी फिरवली. सात वेळा पाण्यात पडली. आठव्या वेळी पलीकडे पोचली. उंटापासून दोन हातांवर, पाण्यालगतच्या दगडावर. उंट कोपरांवर सरकत निघाला. वीतभर उरलं असेल, तेवढ्यात एक लाट आली आणि दोरीपासून तोडून पिशवी घेऊन गेली. उंट तसाच पालथा पडून राहिला. मग त्यानं मान वळवून यांच्याकडे बघितलं आणि खांदे उडवले.

पहाटे उजाडताच पोस्टमन परत चौकीकडे निघाला. अडीच दिवसांची वाट, रात्रीही चालून, एका दिवसात काटतो म्हणाला. निघताना त्यानं शिंप्याचा दंड धरला. “तू त्याच्या नजरेसमोर राहा. दुसरं काही करू नकोस.” पार्सलांवर पत्ते लिहायचा जाड मार्कर त्याच्या खिशात नेहमी असायचा, तो त्यानं शिंप्याच्या हातात दिला.

शिंप्यानं तंबूचा आतला पांढरा पडदा फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पोस्टमन मदत आणायला गेला’. दोन हातांत ताणून धरलं. उंटानं वाचलं आणि अंगठा दाखवला. त्याच्याकडे लिहायला काही नव्हतं. ओरडून उपयोग नव्हता. नदीच्या घोंघाटात शिंप्याला स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नव्हता.

त्या चौथ्या दिवशी पात्र आणखी रुंदावलं, फेकलेली दोरी पलीकडे पोचेना. दुपारी शिंप्याला राहवेना. त्यानं दोरीचं एक टोक झाडाला, दुसरं कमरेला बांधलं आणि पाण्यात शिरला. पाच पावलं, सहा पावलं. सातव्याला पाय सुटले. पाण्यानं त्याला खाली ओढलं, दगडांवर आपटलं आणि दोरी ताणली गेली म्हणूनच तो वाचला. नाकातोंडात पाणी जाऊन खोकत काठावर आला तेव्हा पलीकडे उंट दोन्ही हात जोरजोरानं आडवे हलवत होता. चेहरा संतापलेला. शिंप्यानं हात जोडले, पुन्हा नाही करणार म्हणून. तेव्हा कुठे उंट खाली टेकला.

पाऊस थांबून थांबून पडत राहिला. शिंप्याकडे आता दोघांचं खाणं होतं, आणि घास तोंडात फिरत होता. पहिल्यांदा तो झाडामागे जाऊन, उंटाला दिसणार नाही असा जेवला. मग त्याला वाटलं, हे तर आणखी वाईट. नंतर त्यानं दिवसभर काही खाल्लंच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. थोडं ऊनही आलं. उंट रात्रीतून कसाबसा सरकून खडकाला पाठ टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ काळसर. त्यानं हात वर करून शिंप्याचं लक्ष वेधलं आणि बोलायला सुरुवात केली.

शिंप्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ओठ हलताना दिसत होते, तेही मधेच उडणाऱ्या पाण्याच्या तुषारांतून. उंट ओरडत नव्हता. समोर टेबलापलीकडे बसल्यासारखा, सावकाश बोलत होता. मधे थांबायचा, आठवायचा, पुन्हा सुरू करायचा. एकदा त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. एक, दोन, तीन. एकदा तो हसला. एकदा त्यानं बराच वेळ डोळे मिटले आणि ओठ तेवढे हलत राहिले.

मार्कर शिंप्याच्या खिशात होता. पडद्याचं कापड पायाशी होतं. ‘ऐकू येत नाही’, एवढंच लिहायचं होतं. त्याचा हात खिशापर्यंत गेलाही. पण त्याला वाटलं, हे वाचल्यावर हा गप्प होईल. अख्ख्या जन्मात याला कुणी गप्प केलं नाही, ते आपण आज करायचं का? शिंप्यानं मान हलवली. उंट बोलत राहिला. शिंपी मान हलवत राहिला. जिथे उंट थांबला तिथे हा ‘हो हो’ म्हणाला, जिथे हसला तिथे हाही हसला.

शेवटी उंटानं काहीतरी विचारलं. ते विचारणंच होतं. भुवया वर गेल्या, उजवा तळहात उताणा झाला, आणि तो वाट बघू लागला.   शिंप्यानं हात छातीवर ठेवला आणि मोठ्यानं मान हलवून हो म्हटलं.

उंट त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान मागे खडकाला टेकवली. त्यानंतर तो बोलला नाही.

सहाव्या दिवशी उजाडताना शिंप्याला जाग आली ती शांततेनं. नदीचा आवाज बदलला होता. तो काठावर आला. पाणी उतरलं होतं. गुडघ्याएवढं, गोटे दिसत होते. त्यानं बूटही घातले नाहीत. उंटाची सॅक उचलली आणि चालत पलीकडे गेला. दोन मिनिटं लागली असतील.

उंट खडकाला टेकून तसाच होता. डोळे अर्धवट उघडे, मांडीवर हात. शिंप्यानं सॅक उघडून झोपायची पिशवी काढली आणि त्याच्या अंगावर पांघरली, खांद्याशी नीट खोचली. मग कोरडे मोजे काढले आणि ते घालायला त्याच्या पायाशी बसला. पाय गार, दगडासारखे. मोजा चढेना. तो बराच वेळ प्रयत्न करत होता. दुपारी पोस्टमन आणि बचावाची माणसं पोचली, तेव्हा शिंप्याच्या हातात तो मोजा होता.

अंत्यविधीनंतर पंधरा दिवसांनी शिंपी उंटाच्या घरी गेला. दोन खोल्या, खिडकीशी हत्यारांची पेटी, भिंतीला टेकवून ठेवलेली उंटाची सॅक. चिखल वाळून तसाच. वहिनींनी खुर्ची पुढे केली, चहा दिला आणि समोर बसल्या. पोस्टमनकडून त्यांना सगळं कळलं होतं.

“भावजी, ते शेवटी बराच वेळ बोलत होते म्हणे.”

“हो.”

“काय म्हणाले?”

शिंप्यानं सांगितलं, नदीचा आवाज फार होता, काही ऐकू आलं नाही. वहिनी ऐकून घेत होत्या.

“पण तुम्ही मान हलवत होतात. पोस्टमन भावजींना तुम्हीच सांगितलंत.”

“त्याला बरं वाटावं म्हणून, वहिनी.”

“तुमच्याकडे लिहायला होतं. मग ऐकू येत नाही असं लिहून का नाही दाखवलंत? त्यांनी हातवारे करून सांगितलं असतं. एखादा शब्द तरी कळला असता.”

 शिंप्यानं होतं ते सांगून पाहिलं. की तो गप्प झाला असता, एकटा पडला असता. बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं, की हे ऐकणाऱ्याला पोकळ वाटतंय. वहिनी उठून कप उचलू लागल्या. पाठमोऱ्या उभं राहूनच म्हणाल्या, “वाईट असेल तरी मी ऐकून घेईन. लपवू नका. तीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाशी.”

पुढे त्या दर आठवड्याला दुकानात येऊ लागल्या. कधी पडद्याचं कापड घेऊन, कधी नुसत्याच. स्टुलावर बसायच्या, मिशीनकडे बघायच्या, आणि जाताना विचारायच्या, काही आठवलं का. नाही म्हटलं की मान डोलवून जायच्या. त्या मान डोलवण्यात विश्वास नव्हता.

मग एके दिवशी मुलगी आली. बापासारखीच उंच; दुकानाच्या दारात वाकून आत शिरली. शिंप्यानं तिला शाळेचे फ्रॉक शिवून दिले होते. ती टेबलाच्या कडेला उभी राहिली आणि खाली बघत, खडूनं कापडावर मारलेल्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

“काका, आईला सांगायचं नसेल तर नका सांगू. मला सांगा. माझं नाव घेतलं का बाबांनी?”

नाही माहीत, एवढंच खरं होतं. पण तिचा चेहरा बघून शिंप्याला ते बोलवेना. बोटांवर तीन गोष्टी मोजल्या होत्या उंटानं. त्यातली एक ही नसेल कशावरून? तो म्हणाला, “घेतलं.”

तिनं वर पाहिलं. “काय म्हणाले?”

“म्हणाला, माझ्या लेकीला सांग, माझा राग गेला. बाळ, सुखी राहा म्हणाला.”

 तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी तिथल्या तिथे थांबलं.

“बाबांनी मला जन्मात कधी बाळ म्हटलं नाही,” ती म्हणाली. “लेक तर नाहीच नाही. ते मला भिडू म्हणायचे, काका.”

शिंपी सावरायला गेला. म्हणाला, शब्द नेमके तेच नसतील, पण अर्थ तोच होता.  ती जराही न चिडता म्हणाली, “म्हणजे काहीतरी वेगळं म्हणाले. बरं नसणार ते. म्हणून तुम्ही हे रचलंत.”

त्यानंतर खरं सांगून उपयोग नव्हता. त्यानं सांगितलं तरीही. मला काही ऐकू आलं नाही, तुला बरं वाटावं म्हणून बोललो. ती “ठीक आहे काका” म्हणाली आणि वाकून दारातून बाहेर गेली. त्या आठवड्यापासून वहिनीही यायच्या बंद झाल्या. रस्त्यात दिसल्या तर पलीकडच्या बाजूनं जात.

पोस्टमन अधूनमधून टपाल टाकायला यायचा. पूर्वी सायकल लावून आत बसायचा, आता दारातूनच पाकिटं ठेवायचा. एकदा शिंप्यानं त्याला थांबवून विचारलं, तुलाही वाटतं का मी लपवतोय? पोस्टमन बराच वेळ थैलीचा पट्टा नीट करत राहिला.

“मला काही वाटत नाही,” तो म्हणाला. “पण मी तिथे असतो तर लिहून दाखवलं असतं.”

आणि तो पुढच्या घराकडे गेला.

आता संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की शिंपी कपडे घालून बघायच्या आरशासमोर उभा राहतो. आवाज न करता ओठ हलवतो. ‘घराची काळजी घे’, असं म्हणून बघतो. ‘भिडूला सांग’, असं म्हणून बघतो. ‘तुझ्या दहा मिनिटांमुळे’, हेही एकदा म्हणून पाहिलं. मग डोळे मिटून नदीपलीकडचा तो चेहरा आठवतो आणि जुळतंय का ते ताडतो. सुरुवातीला उंटाचे ओठ त्याला स्पष्ट दिसायचे. आताशा नुसत्या भुवया आणि उताणा तळहात दिसतो. बाकी चेहऱ्यावर पाण्याचे तुषार असतात.

त्या प्रश्नाला त्यानं हो म्हटलं होतं. उंटानं काहीतरी मागितलं होतं किंवा काहीतरी विचारलं होतं, आणि शिंप्यानं छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं. कशाला, ते त्याला कधीच कळणार नाही. जे कबूल केलं ते पाळलं जात नाहीये, एवढं मात्र तो रोज समजून असतो. तो दिवा मालवतो, शटर ओढतो आणि घरी जातो. बायको ताट वाढते, काही विचारत नाही.